चव्वेचाळीस नंबरचं पोट

कारखान्यात तिला चव्वेचाळीस म्हणत. तोंडावर म्हणत आणि पाठीमागेही तेच म्हणत, त्यामुळे त्यात राग येण्यासारखं काही आहे असं तिला बरीच वर्षं वाटलं नव्हतं. "चव्वेचाळीसला वर पाठवा" असा निरोप आला की इस्त्रीच्या टेबलावरून एक ठेंगणी, भरल्या अंगाची बाई हात पुसत उठायची आणि जिना चढून कटिंगच्या खोलीत जायची. नव्या पोरींना वाटायचं, हा टोकन नंबर असेल. मग बटणं लावणारी बाई, जिला सगळे गुंडी म्हणत, त्यांना शहाणं करायची. "टोकन नाही गं. माप आहे ते. आपला चव्वेचाळीस नंबर म्हणजे ही बाई."

आणि ते शब्दशः खरं होतं. कारखाना गणवेशांचा. दवाखान्यांतल्या नर्सा, हॉटेलांतल्या वाढपिणी, बँकांतल्या शिपाई-बायका, सगळ्यांचे कपडे इथे शिवले जात. नवा गणवेश आला की कटिंग-मास्तर आधी चव्वेचाळीस नंबर कापत. तो हिच्या अंगावर नीट बसला की त्याच्यावरून खाली बेचाळीस, चाळीस, आणि वर सेहेचाळीस, अठ्ठेचाळीस असे बाकीचे नंबर काढत. प्रत्येक नंबराला ठरलेलं बोट कमी, ठरलेलं बोट जास्त. सकाळी कामावर निघालेल्या गावभरच्या बायकांच्या अंगात जे काही असे, त्याचं मूळ या एका बाईच्या खांद्यात, छातीत आणि पोटात होतं.

मास्तर अब्रूदार माणूस. कानावर खडू, गळ्यात टेप, पण तो टेप त्यांनी कधी बाईच्या अंगाला लावला नाही. त्यांची पद्धत वेगळी होती. बाईनं आरशासमोर उभं राहून कापड स्वतःच अंगावर घ्यायचं, टाचण्या स्वतःच लावायच्या. मास्तर मागे स्टुलावर बसून नुसते सांगायचे, "डावीकडे अर्धं बोट आत घे. पुरे. पाठीला सोड जरा." त्यांना कापडाची सुरकुती न् सुरकुती दिसायची. बाई दिसायची नाही.

बाईची खात्री ते दुसऱ्याच रीतीनं करून घेत. कटिंगच्या खोलीत गठ्ठे तोलायचा जुना लोखंडी काटा होता. फिटिंगच्या आधी मास्तर म्हणायचे, "चढ." ती चढायची. काट्याच्या तबकडीवर मास्तरांनी लाल रंगानं एक खूण केली होती. काटा डुलत डुलत त्या खुणेवर येऊन थांबला की मास्तर मान हलवायचे आणि खडू हातात घ्यायचे. वजन तेच, तर माप तेच, हे त्यांचं शास्त्र होतं. ते इतकी वर्षं चुकलं नव्हतं, म्हणून त्यावर कोणी तोंड उघडण्याचा प्रश्नच नव्हता.

या उभं राहण्याचा तिला पगारावर वेगळा भत्ता मिळे. पण भत्ता म्हटला की जाच आलाच. एकदा तापातून उठून ती कामावर आली तेव्हा काटा खुणेच्या बराच अलीकडे थांबला. मास्तर घाबरले. त्यांनी स्वतःचा डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. "जेव. चाटूनपुसून जेव. तू अशी वाळलीस तर मी कापू कोणावर?" उलट एकदा भाचीच्या लग्नात चार दिवस राहून आली, तर काटा पुढे गेला आणि मास्तर आठवडाभर तिच्याशी घुश्शात बोलले. बायका आपल्या अंगाला कंटाळल्या तर निदान उपास तरी करू शकतात. तिला तीही सोय नव्हती.

घरी सासू होती, जिभेला धार असलेली. शेजारणींना सांगायची, "लोकांच्या सुना हातानं कमावतात. आमची पोटानं कमावते." नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामाला. स्वभावानं गरीब, डोळ्यांनी सदा दमलेला. आईच्या अशा वाक्यांवर तो हसायचा आणि मग बायकोकडे बघून हसू आवरायचा.

हे असंच चाललं असतं. पण मालकीणबाईंची भाची शिक्षण संपवून कारखान्यात आली आणि तिला सगळं शास्त्रशुद्ध करायची घाई झाली. एके दिवशी तिनं भिंतीवर पुरुषभर उंचीचा खाकी कागद चिकटवला, चव्वेचाळीसला त्याला टेकून आडवं म्हणजे एका बाजूला तोंड करून उभं केलं आणि जाड काळ्या पेननं तिच्या अंगाची कड काढली. कपाळ, नाक, हनुवटी, छाती, आणि मग पोट. पोटाशी पेनला बराच वळसा घ्यावा लागला. "हे आपलं स्टँडर्ड," भाची म्हणाली. "येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर असलं पाहिजे." आणि जागा तिथेच होती म्हणून पोटाच्या मधोमध तिनं ठसठशीत ४४ लिहिलं.

कागद दारालगतच होता. हजेरी लावायला प्रत्येकीला त्याच्यापुढून जावं लागे. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्या पोटावर बेंबीच्या जागी एक खरं बटण चिकटवलं. कोणी चिकटवलं ते उघड होतं, कारण बटणांचा डबा एकीकडेच असायचा.

"छान दिसतंय की," चव्वेचाळीस म्हणाली आणि सगळ्यांबरोबर हसली.

घरी गेल्यावर मात्र ती कपाटाच्या आरशापुढे आडवी उभी राहिली. समोरून तिनं स्वतःला रोज पाहिलं होतं. बाजूनं आजवर कधी पाहिलं नव्हतं. तिला धक्का बसला. बाजूनं दिसणारी ही बाई तिच्या ओळखीची नव्हती. शहराच्या निम्म्या बायकांना आपण हे पोट वाटत आलो, असं काहीतरी तिच्या मनात आलं, आणि सासूनं "दिवा मालव, बिल येतं" म्हणेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

उपास करावा तर काटा मागे येणार. काटा जपावा तर पोट राहणार. या कात्रीतून सुटायची वाट तिला कारखान्यातच सापडली. एका खासगी दवाखान्याची स्वागतिका आपल्या माणसांचे कोट न्यायला आली होती. इस्त्री होईपर्यंत ती टेबलाशी उभी राहून बडबडत होती. आमच्याकडे पोटाची चरबी नळीनं ओढून काढतात, म्हणाली. लायपोसक्शन. पण लोकांची किती गैरसमजूत असते बघा, वजन उतरेल म्हणून येतात आणि मग आमच्याशी भांडतात. चव्वेचाळीसच्या हातातली इस्त्री तिथल्या तिथे थबकली. कोटाच्या खिशाला चटका बसला, इतकी.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. "आधीच सांगते, मग मला बोल लावू नका. हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाही. चरबी जागा फार अडवते, पण तोलायला गेलं तर हलकी भरते. त्यातून एका वेळी काढायलाही मर्यादा असते. तुमचा आकार बदलेल. वजन फारसं हलायचं नाही."

"म्हणजे काट्यावर मी तेवढीच?"

"जवळजवळ तेवढीच."

डॉक्टरीणबाईंना वाटलं, आता ही उठेल. बऱ्याच जणी या वाक्यावर उठत. ही मात्र त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदा हसली. "मग झालं तर माझं काम," ती म्हणाली.

तिचा हिशेब साधा होता. मास्तर काटा बघतात, कमर बघत नाहीत. सगळे नमुने कधीचेच पुठ्ठ्यावर कापून खिळ्याला टांगलेले आहेत. आपण नुसतं वर जायचं, काट्यावर चढायचं, बाह्या-बिह्या बघून खाली यायचं. भत्ताही राहील आणि अंगही आपलं होईल. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. खर्चासाठी तिनं त्याच भत्त्यातून बाजूला टाकलेले पैसे काढले. पोटाच्या कमाईनंच पोटाची वाट लावायची, यात तिला थोडी गंमतही वाटली.

घरी आणि कारखान्यात तिनं हर्निया सांगितला. ऑपरेशनला धाकटी बहीण बरोबर होती आणि विश्रांतीही तिच्याचकडे. बहीण जातानाच म्हणाली, "ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? या वयात कोणाला दाखवायचंय?"

"मला," ती म्हणाली.

शुद्धीवर आल्यावर तिनं हट्टच धरला, काय काढलं ते बघायचंय. नर्सनं काचेच्या भांड्यातला तो ऐवज दाखवला. पिवळा, त्यात लालसर पाणी, वर तेलासारखा तवंग. कारखान्यातल्या सगळ्या बायकांचे टोमणे, मास्तरांचा डबा, सासूची वाक्यं, सगळं मिळून एवढुसं? आणि बहिणीनं तर तोंडावर रुमाल धरून भिंतीकडे पाठ केली.

खरा धक्का पुढेच होता. पोट काळंनिळं पडलं. चिमुकल्या भोकांतून पाणी झिरपत राहिलं. छातीखालपासून मांड्यांपर्यंत एक घट्ट पट्टा घालून दिला होता, त्यात उठताबसता जीव जायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी बहिणीच्या न्हाणीघरात वजनकाटा दिसला म्हणून ती चढली, आणि तिनं जोरात हाक मारली. बहीण धावत आली.

"काय झालं? पडलीस?"

"वाढलंय गं!"

"काय वाढलंय?"

"वजन! काढलं तरी वाढलंय! माझ्या पोटात परत कोणी भरलं की काय?"

फोनवर डॉक्टरीणबाई शांत होत्या. सूज आहे, आत पाणी धरलंय, उतरेल, मी सांगितलं होतं. सांगितलं होतं खरं. पण ऐकणं वेगळं आणि कापलेल्या अंगानं काट्यावर उभं राहणं वेगळं.

कामावर परतली तेव्हा सूज बरीच उतरली होती. गुंडीनं कटिंगच्या खोलीच्या दारातच तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाई बाई! बारीक झालीस गं!"

चव्वेचाळीसनं हातातला डबा पोटापुढे धरला. पण मास्तर समोरच होते आणि त्यांना वजनाखेरीज कशाची फिकीर नव्हती. "आधी चढ," ते म्हणाले. काटा डुलला, पुढे गेला, मागे आला आणि लाल खुणेवर जाऊन थांबला. बहिणीकडच्या बसून खाण्यानं उरलीसुरली तूट भरून काढली होती, आणि गठ्ठे तोलणाऱ्या त्या काट्याला किलो-दीड किलोची पर्वा तशीही नव्हती.

"काय बारीक झाली म्हणे!" मास्तर गुंडीवर खेकसले. "आहे तेवढीच आहे. काटा खोटं बोलतो का तुझ्यासारखा?"

"पट्टा आवळलाय ना हर्नियाचा, म्हणून दिसते," गुंडी म्हणाली आणि तिनं स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास काढून घेतला. तिच्या मागोमाग सगळ्यांनीच काढून घेतला. पुढे पट्टा गेला, आकार उमटत गेला, रोज थोडा थोडा. पण काट्यानं एकदा निकाल दिला होता. पन्नास बायका तिच्याशेजारी बसून जेवत होत्या आणि एकीलाही ते दिसलं नाही.

तिला मात्र दिसत होतं. आंघोळीच्या वेळी, कपडे बदलताना, जिन्याच्या काचेत. ती चालायला लागली ती खांदे मागे टाकून. गाणं गुणगुणत इस्त्री करायला लागली.

आणि मग मोठ्या इस्पितळाचं काम आलं. नर्सांचे नवे अंगरखे, कमरेशी बेतलेले, बाजूला फाट असलेले, समोर बटणं. जुन्या पुठ्ठ्यांपैकी एकही त्याला चालणारा नव्हता.

"जुन्यावरनंच काढा ना मास्तर," ती म्हणाली.

"कसं काढू? नवी तऱ्हा आहे. चढ."

ती चढली. काटा खुणेवर आला. मास्तरांनी मान हलवली. तिनं आरशासमोर कापड अंगावर घेतलं.

"कमरेला सैल पडतंय. आत घे."

तिनं घेतलं.

"अजून. सुरकुती दिसतीय मला. अजून घे."

तिच्या हातात टाचणी होती. त्या वेळी तिला काही कळलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. सगळं कळलं. पण त्याच क्षणी तिनं आरशात बाजूनं पाहिलं, आणि त्या आरशात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कापड छातीवरून निघालं ते कुठेही न अडता सरळ मांडीवर उतरलं. तिनं टाचणी लावली. नर्सा काय, दिवसभर पायांवर उभ्या असतात, त्यांना कुठली असायला पोटं, असं तिनं स्वतःला समजावलं.

"वा," मास्तर कापडाला म्हणाले.

माल गेला. पंधरवड्याच्या आत तोच माल खोक्यांतून परत आला. लिफ्टमधून खोकी निघत होती, निघतच होती, आणि कटिंगच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मालकीणबाईंच्या हातात इस्पितळाचा निरोप होता. "एकीलाही होत नाहीये," त्या म्हणाल्या. "खांदे बरोबर, छाती बरोबर. पोटावर बटण लागत नाही. चाळीस नाही, बेचाळीस नाही, अठ्ठेचाळीसही नाही. सगळ्याच्या सगळ्या!"

"असं होणारच नाही," मास्तर म्हणाले. "चव्वेचाळीसला घाला."

तिला वर बोलावलं. तिनं अंगरखा घातला. बटणं खालपर्यंत अलगद लागली. अंगावर ओतल्यासारखा बसला.

"बघा!" मास्तर म्हणाले. "मी काय सांगतोय!"

कापड आटलं असेल म्हणून एक अंगरखा धुऊन, वाळवून मोजला. आटला नव्हता. भाचीनं खिळ्यावरचा जुन्या कोटाचा चव्वेचाळीसचा पुठ्ठा काढला आणि नव्यावर ठेवला. खांद्याला खांदा जुळला. पोटाशी जुना पुठ्ठा नव्याच्या बाहेर चांगला तीन बोटं आला.

मास्तर त्या दोन पुठ्ठ्यांकडे बघत राहिले. "हे मी कापलं?" ते म्हणाले. "असं मी का कापलं?"

त्या आठवड्यात मास्तर खचले. डोळे तपासून आले, डोळे ठीक होते. "डोळे ठीक, हात ठीक," ते चहाच्या वेळी कोणाकडेही न बघता म्हणाले, "मग राहिलं काय? डोकं." घरी ते दाराला कुलूप लावून दोनदा परत बघायला जातात, असं त्यांच्याच तोंडून ऐकलं तेव्हा बायकांनी माना खाली घातल्या. मालकीणबाईंनी गोड शब्दांत विश्रांती सुचवली. कटिंगचं संगणकाचं यंत्र आता सगळीकडे आलंय, भाचीनं सुचवलं. चव्वेचाळीस इस्त्री फिरवत होती. एकाच कपड्यावर पुन्हा पुन्हा फिरवत होती. तिनं तोंड उघडलं तर भत्ता जाणार, कदाचित नोकरी जाणार, घरी काय होईल ते वेगळंच. आणि नाही उघडलं तर हा माणूस उरलेला जन्म स्वतःच्या डोक्याला भीत काढणार.

शनिवारी मास्तर आपली कात्री फडक्यात गुंडाळून घेऊन आले. ती त्यांना त्यांच्या मास्तरांनी दिली होती आणि तिला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. त्यांनी ती खाली, इस्त्रीच्या समोरच असलेल्या मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवली. "धार लावलीय," एवढंच म्हणाले.

चव्वेचाळीसनं इस्त्रीचं बटण बंद केलं. ती सरळ दारालगतच्या भिंतीपाशी गेली. खाकी कागदाला टेकून, ज्या बाजूला तोंड करून तिला त्या दिवशी उभं केलं होतं त्याच बाजूला तोंड करून, उभी राहिली. कपाळ रेघेवर, नाक रेघेवर, छाती रेघेवर.

"मास्तर, इकडे बघा," ती म्हणाली. "कापड नका बघू. मला बघा."

मास्तरांनी बघितलं. सगळ्यांनी बघितलं. कागदावरचं पोट पुढे आलेलं होतं, ४४ आणि बटणासकट. तिचं पोट त्याच्या मागेच कुठेतरी संपत होतं. मधे नुसता खाकी कागद होता. गुंडी उठून आली, आणि तिनं त्या मोकळ्या जागेत आपली मूठ ठेवून बघितली. मूठ मावली.

"अगं बाई!" गुंडी एवढंच म्हणाली. तिच्या दुसऱ्या हातातला बटणांचा डबा फरशीवर पडला. बटणं घरंगळत मशिनींच्या खाली गेली आणि एकेक मशीन थांबत गेलं.

"पण वजन..." भाची म्हणाली. "तुमचं वजन तर तेवढंच आहे!"

"वजन नाही गेलं. पोट गेलं. हर्निया नव्हता तो. चरबी काढून घेतली मी."

"काढून घेतली म्हणजे?"

"नळीनं. ओढून."

कोणीतरी मटकन खाली बसलं. एक नवी पोर नकळत स्वतःचं पोट दोन्ही हातांनी झाकून उभी राहिली. गुंडी सर्वात आधी सावरली. "कमाल आहे बाई तुझी! पोट काढून टाकलंस आणि पोटातली गोष्ट तेवढी ठेवलीस!"

कोणी हसलं नाही.

मास्तर पुढे आले. "म्हणजे माझा हात..."

"तुमचा हात बरोबर होता. अंगरखा मला बरोबरच बसत होता ना? मीच आता चव्वेचाळीस राहिले नव्हते."

मास्तरांच्या चेहऱ्यावर आधी सुटल्यासारखं काही आलं. मग ते लाल झाले. "माप बदललंस? मला न विचारता?"

"पोट माझं होतं, मास्तर."

"पोट तुझं," मालकीणबाई मागून म्हणाल्या, "पण चव्वेचाळीस कारखान्याचा होता. त्याचा भत्ता घेत होतीस तू."

तेही खरं होतं. तिचं वाक्यही खोटं नव्हतं. ती कागदाला टेकून तशीच उभी राहिली.

मास्तर मात्र तिच्याकडेच बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे एवढा वेळ कधी बघितलं नव्हतं. "मॅडम, राहू द्या," ते शेवटी म्हणाले. "ही माझ्यापुढे उभी होती. दहा हातांवर. आंधळ्यालाही दिसलं असतं. मी काटा बघत बसलो." त्यांनी स्टूल ओढलं आणि त्यावर बसले. मग त्यांनी टेबलावरची कात्री उचलून मांडीवर घेतली.

माल वाचला तो मास्तरांच्याच जुन्या सवयीनं. बाजूच्या शिवणीत ते नेहमी भरपूर दाब, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, सोडत, नव्या माणसांना ते कापड वाया घालवणं वाटे. शिवण उसवली, दाब सोडला आणि दुसरी मारली तर तीन बोटं सहज मिळत होती. उसवायचं काम तिनं मागून घेतलं. भत्ता बंद झाला, नोकरी राहिली.

कारखान्याच्या लिफ्टवाल्याकडून ही बातमी तिच्या आधी घरी पोचली होती. लिफ्टवाला आणि तिचा नवरा, दोघांचा धंदा एकच. नवरा दार उघडून तसाच उभा राहिला. "खरं आहे?"

"हो."

तो पलंगावर बसला. मग म्हणाला, "मला वाटलं, हर्नियात तेही जातंच."

आता हादरायची पाळी तिची होती. "म्हणजे तुम्हाला दिसलं होतं?"

"न दिसायला काय झालं? पण म्हटलं, विचारलं तर म्हणशील, पोट होतं तेव्हा कधी बघितलं नाहीत, आता बघताय."

ती असंच म्हणाली असती. तंतोतंत असंच. तिला हसावं की रडावं कळेना.

सासूनं पुढचे दोन तास सोडले नाहीत. बसल्या जागी कमवून देणारं पोट कोणी टाकून देतं का, कुठल्या कर्माची ही अक्कल, लोक ऐकून तोंडात बोटं घालतील. मग मुलगा आंघोळीला गेलेला बघून म्हातारी जवळ सरकली आणि हनुवटीखालचं लोंबतं कातडं चिमटीत धरून कुजबुजली, "हे निघतं का गं? फार दुखतं?"

ती उसवत राहिली. कटिंगच्या खोलीत खिडकीपाशी, एकेक अंगरखा मांडीवर घेऊन. जे पोट तिनं स्वतःचं काढलं होतं ते ती आता बोटाबोटानं गावभरच्या कपड्यांत परत घालत होती. दिवसभर बसणं, वर बायकांचा आग्रह, कारण आता काटा जपायचा नव्हता आणि जो तो आपल्या डब्यातलं पुढे करी. काम संपायला आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की कपड्याच्या बाह्या दंडांना काचताहेत. पाठीवरही वळी आली होती. पोट तसंच सपाट होतं. ती घाबरून डॉक्टरीणबाईंकडे गेली तर त्या म्हणाल्या, "वजन वाढवलंत तर ते जाणार कुठे? तिथली घरं पाडली आपण. ते दुसरीकडे बिऱ्हाड करणार."

त्याच आठवड्यात कारखान्यात भाचीनं खाकी कागद भिंतीवरून काढला. नवा चव्वेचाळीस शोधायचा होता. खूप बघून मास्तरांनी गुंडीवर बोट ठेवलं. गुंडी लाजली, नको नको म्हणाली, भत्ता किती ते विचारलं आणि सवयीनं थेट काट्याकडे गेली.

"उतर तिथनं," मास्तर म्हणाले.

त्यांनी गळ्यातला टेप काढला. एकदा गुंडीकडे बघितलं, एकदा टेपाकडे. इतकं अजून त्यांना जमणार नव्हतं. मग त्यांनी खिडकीकडे तोंड करून हाक मारायला म्हणून तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं, कारण तिला काय म्हणून हाक मारायची ते आता कोणालाच ठाऊक नव्हतं. ती आपणहून उठली. कपड्यांवरचे दोरे झटकले, मास्तरांच्या हातातला टेप घेतला आणि गुंडीच्या मागे उभी राहून तो तिच्या पोटाभोवती आणला.

गुंडीनं श्वास ओढून पोट पाठीला लावलं. सगळी खोली बघत होती.

"सोड," ती म्हणाली.

"सगळ्यांसमोर?"

"सोड गं. असेल तेवढं असू दे."